मुंबईत बिऱ्हाड नेताना: भरतीची वेळ, रुळांची बाजू आणि इतर प्रश्न

मार्च संपत आला की येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो. नोकरी मुंबईकडे लागली, पोरं लहान आहेत, एखादा ‘चांगला एरिया’ सांगा. पत्र वाशीमचं असो की गोंदियाचं, सोबत साळ्याने सुचवलेलं एक नाव आणि एका जाहिरातीचा फोटो असतोच. नोकरी कोणत्या स्टेशनजवळ, मूल कितवीत, घरात म्हातारं माणूस आहे का, हे न विचारता जो नाव सांगतो तो स्वतःची सोय सांगतो. त्यामुळे इथे यादी मिळणार नाही. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं मात्र देतो.

नोकरी अंधेरीला आहे. नातेवाईक म्हणतात कल्याणला घर घ्या, स्वस्त पडते अन् आपली माणसंही तिकडेच आहेत. घ्यावं का? (मूर्तिजापूर)

अंधेरी पश्चिम रेल्वेवर, कल्याण मध्य रेल्वेवर. म्हणजे रोज दादरला गाडी बदला, नाहीतर घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठा. नकाशावर हे सोपं दिसतं. गर्दीच्या वेळी घराच्या फाटकापासून कचेरीच्या फाटकापर्यंत दोन तास धरून चाला, येतानाही तेवढेच. शाळेतून फोन आला की मुलाला ताप आहे, तर पोहोचणार कधी? मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई ही ठाणी तुमच्या मार्गावर आहेत, आधी तिकडे बघा. नोकरी ठाणे, मुलुंड किंवा घाटकोपरकडे असती तर कल्याण उत्तम होतं. विदर्भ, अमरावती, सेवाग्राम या गाड्या तिथे थांबतात आणि समृद्धी महामार्गही भिवंडीजवळ आमण्याला संपतो. पण गावाला वर्षातून चार वेळा जाल, कामाला रोज जायचं आहे. ठरवण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला हा प्रवास प्रत्यक्ष करून बघा. रविवारी केलेला धरू नका.

कूलर न्यावा का? (हिंगणघाट)

नको. कूलर पाणी सुकवून हवा थंड करतो आणि मुंबईच्या दमट हवेत पाणी सुकत नाही. तिथे तो नुसती ओल वाढवेल.

जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ आणि ‘विमानतळामुळे भाव दुप्पट’ असं लिहिलं आहे. खरं असते का? (पुसद)

पाच मिनिटं कशाने, ते जाहिरातीत नसतं. दुपारी बारा वाजता रिकाम्या रस्त्यावरून मोटारीने पाच मिनिटं, असा बहुधा अर्थ असतो. संध्याकाळी सातला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, खरा आकडा कळेल. भाव दुप्पट होतील हे सांगणारा विकायला बसलेला आहे, त्याचं ऐकून मुलांची शाळा ठरवू नका. चौरस फूट विचाराल तेव्हा फक्त चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया विचारा. नव्या प्रकल्पाचा महारेरा (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक घ्या, एजंटचाही घ्या आणि दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. विक्रीचा करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘आज बुकिंग केलं तरच हा भाव’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला बघत आहोत. भाडंही कमी आहे. एजंट म्हणतो इथे पाणी कधीच साचत नाही. घ्यावं का? (दर्यापूर)

एजंटच्या शब्दावर तर नाहीच. हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पूर म्हणजे नदीचा. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा भरते, पाणी पुलावरून जाते, ओसरते. किनाऱ्यावरच्या शहरात नदी नसलेल्या गल्लीतही कमरेएवढं पाणी भरतं. मुंबईच्या पावसाळी नाल्यांची तोंडं समुद्रात आणि खाडीत उघडतात, आणि त्यातली बरीच तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र आत शिरू नये म्हणून भरतीच्या वेळी दारं बंद ठेवावी लागतात. त्याच वेळी जोराचा पाऊस आला तर पाण्याला वाट उरत नाही. हाजी अली, इर्ला, वरळीचं लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी मोठ्या पंपांनी ते उपसून समुद्रात टाकतात. जिथे पंप नाहीत तिथे ओहोटी लागेपर्यंत थांबायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अकोल्यात अख्ख्या पावसाळ्यात सरासरी एवढा पडत नाही.

भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास ती सगळ्यात मोठी असते आणि मुंबईत त्या दिवसांत दुपारी बारा ते दीडच्या सुमारास येते. नेमकी सकाळची शाळा सुटायची आणि दुपारची भरायची वेळ! साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. तो तक्ता घरात आल्या दिवशी फ्रिजवर चिकटवा.

आता घर कसं बघायचं ते. तळमजल्याच्या भिंती बघा. फक्त खालच्या दोन-तीन फुटांना नवा रंग किंवा फरशी असेल तर का, ते विचारा. विजेच्या मीटरची पेटी मुद्दाम उचलून डोक्याच्या उंचीवर बसवली आहे का? आसपासच्या दुकानांच्या दारात विटांचा उंच उंबरा बांधला आहे का? लाकडी चौकटीचं खालचं टोक फुगलेलं किंवा बदललेलं आहे का? समोरचा रस्ता नव्याने काँक्रीटचा झाला असेल तर तो जोत्यापेक्षा उंच आहे का, हे डोळ्याने मोजा. जुन्या इमारतीत पाणी शिरण्याचं हे मोठं कारण आहे: रस्ता वर चढला आणि इमारत जागच्या जागी राहिली. सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. ते जमिनीलगत असेल तर गल्लीतलं घाण पाणी तुमच्या पिण्याच्या पाण्यात उतरतं आणि मग तिसऱ्या मजल्यावरचं पोरही आजारी पडतं. झाकण निदान दोन फूट वर उचललेलं हवं.

चौकशी वाण्याकडे, रिक्षावाल्याकडे, वॉचमनकडे करा. ‘पाणी साचतं का?’ असं विचारू नका, सगळे नाही म्हणतात. ‘मागच्या जुलैत गाड्या कुठे नेऊन लावल्या होत्या?’ असं विचारा.

आईंसाठी लिफ्ट असलेला पहिला-दुसरा मजला बघा. वीज गेली की लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे सोसायटीच्या सचिवांना विचारा. आईंनी किती पायऱ्या चढाव्यात हे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतील, घरमालक नव्हे. आणि कोणी साचलेल्या पाण्यातून चाललंच, पायाला चीर किंवा जखम असलीच, तर ताप येण्याची वाट बघू नका. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पसरतो, म्हणून ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नका.

तुरीची डाळ, जवारी वर्षभराची भरून नेली तं चालते का? (आर्णी)

दोन महिन्यांची न्या. दमट हवेत बाकीचं बुरशी आणि किडे खातील.

मुलगी पाचवीत जाईल. शाळा आधी की घर आधी? दाखला वेळेवर मिळाला नाही तर? (भंडारा)

शाळा आधी. प्रवेश तोंडी ‘होऊन जाईल’ असं म्हटलं तर तो झालेला नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, मुंबईत राज्य मंडळाच्या शाळा त्याआधी भरतात आणि सीबीएसईचं सत्र तर एप्रिलमध्येच सुरू होतं. तेव्हा ‘जूनअखेर बघू’ हे चालणार नाही. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागितली तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून अशी दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात हे स्पष्ट आहे. खासगी विनाअनुदानित शाळा अडवू शकते, म्हणून दाखला, गुणपत्रक, आधार आणि यू-डायसवरचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) विद्यार्थी क्रमांक गाव सोडण्याआधी हातात घ्या. नाव आणि जन्मतारीख चारही ठिकाणी सारखी आहे ना, तेही बघा.

घर, शाळा आणि दवाखाना हे तिन्ही रुळांच्या एकाच बाजूला ठेवा. मुंबईत बहुतेक स्टेशनांना पूर्व आणि पश्चिम असते. नकाशावर शाळा अर्ध्या किलोमीटरवर दिसेल, पण मध्ये रूळ असतील तर पुलाचा जिना किंवा भुयारी मार्ग आला. अंधेरीचा भुयारी मार्ग जोराच्या पावसात पाणी भरून बंद होतो. एकटी येणारी मुलगी मग कंटाळून रूळ ओलांडायला बघते. भाड्याचे दोन हजार वाचवायला पलीकडे जाऊ नका.

मुलाला दमा आहे. समुद्राची हवा मानवते असं सगळे सांगतात. (मेहकर)

सगळे म्हणजे डॉक्टर नव्हेत. दमट घरात भिंतींना बुरशी धरते आणि त्याने दमा बळावू शकतो. कपाटामागची भिंत आणि न्हाणीघराचं छत बघितल्याशिवाय घर घेऊ नका. कचराभूमी, रासायनिक कारखाने आणि मोठा महामार्ग यांच्यापासून लांब राहा. देवनार, तळोजा एमआयडीसी, डोंबिवली एमआयडीसी यांच्या आसपास घर बघत असाल तर रात्री नऊनंतर एक चक्कर मारा, नाकच सांगेल. अंतिम निर्णय मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून.

घरमालक म्हणतो नोटरी पुरे, नोंदणी कशाला? (वणी)

पुरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मग टाळणाऱ्या मालकाचा हेतू काय, बघा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या होते. शाळेचा पत्ता, गॅस, बँक सगळीकडे हाच कागद चालतो आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांत अर्ज करायचा तर तो हवाच. अनामत चेकने किंवा खात्यातून द्या. दलाली सहसा एका महिन्याचं भाडं असते. अकरा महिन्यांनी नूतनीकरणाला पुन्हा मागतात, ती आधीच ठरवून घ्या. सही करण्याआधी करार वकिलाला वाचायला द्या.

जुनी इमारत आहे, छताला थोडे तडे आहेत. मालक म्हणतो समुद्राजवळ असं असतेच. (धामणगाव रेल्वे)

असतं, म्हणूनच धोका असतो. खाऱ्या हवेने आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. सळईच्या रेषेत सरळ गेलेला तडा, तांबूस डाग, ठोकल्यावर पोकळ आवाज ही लक्षणं आहेत. तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण झालेलं असलं पाहिजे. सोसायटीकडे अहवाल मागा. सी-१ वर्ग म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करायची. अहवाल दाखवत नसतील तर तिथे राहू नका. वरून दिलेल्या गिलाव्यावर समाधान मानण्याआधी संरचना अभियंत्याला दाखवा.

दोन एकर वावर विकून सरळ फ्लॅटच घ्यावा का? (दिग्रस)

पहिलं वर्ष भाड्याने राहा. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी असतात, एक पावसाळा तरी काढा. सोसायटीला एप्रिल-मेमध्ये पाण्याचे किती टँकर लागतात, त्याचीही बिलं तोवर दिसतील. आणि जमिनीचं म्हणाल तर सगळी विकून सातबाऱ्यावरून नाव गेलं की पुन्हा शेतजमीन घेणं अवघड होतं, कारण शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. घरात आणखी कोणाच्या नावे जमीन आहे का, वाटणी झाली आहे का, हे तलाठ्याकडून कागद काढून महसुली काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. तोपर्यंत इसार घेऊ नका.