शनिवार-रविवार चालणाऱ्या निवासी शिबिर केंद्रासाठी कमी खर्चात सांडपाण्याची व्यवस्था कशी करावी?

तुम्ही लिहिलंय: ४० माणसं, शुक्रवार रात्र ते रविवार दुपार मुक्काम, बाकीचे दिवस केंद्र बंद, जवळपास गटाराची लाइन नाही. आठवड्याची सरासरी काढून छोटा सेप्टिक टँक बांधला तर चालेल का?

नाही चालणार. ‘सरासरी’ हा शब्द वाचला म्हणूनच लिहायला बसलो. त्या हिशेबापायी आम्ही एका चांगल्या माणसाला कामावरून काढलंय.

मी आणि माझा भागीदार असंच, एवढंच केंद्र चालवत होतो. आराखडा करणाऱ्याने माणशी रोज १०० लिटर धरले, दोन दिवसांचे ८,००० लिटर झाले. त्याला सातने भागून रोजचे साधारण १,१५० लिटर काढले आणि २,५०० लिटरचा टँक काढून दिला. पाणी दोन दिवस थांबतं, पुरे झालं, म्हणाला. पण शिबिरात सगळे एकाच घंटेला उठतात. शनिवारी साडेसहा ते आठ या दीड तासात चाळीस जणांच्या आंघोळी आणि संडास मिळून २,००० लिटर पाणी यायचं. सेप्टिक टँकचं सगळं काम पाणी निवांत उभं राहण्यावर आहे: जड ते तळाला बसतं, तेलकट वर साय धरतं, मधलं त्यातल्या त्यात नितळ पाणी पुढे जातं. आमचा टँक दर शनिवारी ढवळून निघायचा आणि गाळ थेट शोषखड्ड्यात जायचा. तिसऱ्या वर्षी खड्ड्याभोवतीच्या मातीची छिद्रं बुजली आणि मौनाचं सत्र चालू असताना हिरवळीवर काळं पाणी वर आलं.

मग भागीदाराने ब्लोअरने हवा सोडणारा तयार प्लांट आणला. या प्लांटमधले जिवाणू येणाऱ्या घाणीवर जगतात. पाच दिवस काहीच आलं नाही की ते स्वतःचीच झीज करत राहतात, संख्या घटते, आणि शनिवारचा लोंढा उरलेसुरलेही वाहून नेतो. दर शनिवारी गढूळ, फेसाळ पाणी बाहेर यायचं. भागीदाराचं म्हणणं, देखभाल बघणारा माणूस वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवतो. त्याला काढलं. त्याने रोज लिहिलेलं रजिस्टर अजून माझ्याकडे आहे. ब्लोअर एकही दिवस बंद नव्हता. मी त्या दिवशी गप्प बसलो.

आता तुमचं. सेप्टिक टँक गर्दीच्या दिवसावर काढा: रोजचे ४,००० लिटर, दोन दिवस थांबायला ८,०००, वर गाळाला जागा. दोन कप्पे, पहिला दोन तृतीयांश. त्याच्या पुढे साधारण ६,००० लिटरची साठवण टाकी. तीत छोटा पंप आणि टायमर, दर सहा तासांनी ३०० लिटर, म्हणजे रोज १,२००, पुढे ढकलायचे. शनिवार-रविवारचं पाणी असं आठवडाभर पुरवून पुरवून सोडलं की पुढचं सगळं लहान होतं. तुमची जमीन चौरस मीटरला रोज २० लिटर मुरवत असेल तर ४,००० लिटरला पाणी जमिनीत मुरवणारे २०० चौरस मीटर चर लागतात, १,२०० लिटरला ६०. टाकी-पंपाचा खर्च इथेच वसूल होतो. ‘घाण साठवायला कशाला पैसे घालायचे’ असं माझा भागीदार शेवटपर्यंत म्हणत राहिला. मी त्याला हेच दोन आकडे दाखवले होते. चरांच्या आधी खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावता आली तर उत्तम. तिलाही रोज थोडं थोडं पाणी मिळतं, म्हणून ती टिकते.

हवेचे प्लांट वाईटच असतात असं नाही. रोज वापर असलेल्या जागी ते चांगले चालतात. तुमच्याकडे पुढे आठ-दहा दिवसांची शिबिरं होणार असतील तर माझे वरचे आकडे सोडून द्या, चर मोठे लागतील. २० लिटर हाही उदाहरणाचा आकडा आहे. खड्डा खणून, रात्रभर भिजवून, पाणी किती वेगाने उतरतं ते मोजल्याशिवाय चरांचा आकार ठरवू नका. भूजल वर असेल तर चर चालतच नाहीत, चराच्या तळापासून पाण्यापर्यंत निदान सव्वा मीटर कोरडी माती हवी. विहिरीपासून ३० मीटर लांब राहा. स्वयंपाकघराचं पाणी ग्रीस ट्रॅपमधूनच (तेल-तूप अडवणाऱ्या छोट्या टाकीतूनच) येऊ द्या, छपराचं पावसाचं पाणी अजिबात नको. टाकीच्या झाकणांवर फरशी बसवू नका, गाळ उपसायला ती उघडावीच लागतात. परवानगी आधी काढा.

आणि देखभाल जो बघणार आहे त्याला आराखड्याच्या बैठकीला बसवा. आमचा टँक खणत होते तेव्हाच आम्ही पुढे काढलेल्या त्या माणसाने विचारलं होतं, “साहेब, सगळे एकदम आंघोळीला गेल्यावर ही टाकी पुरेल का?” कुणी उत्तर दिलं नव्हतं.