तोफेआधी तेल विचारा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आरमारावरचं एक पुस्तक वाचतो आहे. त्यात ‘ग्राफ श्पे’ या जहाजाला एका पानावर ‘पॉकेट बॅटलशिप’, दुसऱ्या पानावर ‘हेवी क्रूझर’ आणि फोटोखाली ‘पान्झरशिफ’ म्हटलं आहे. यातलं खरं कुठलं? आणि या आरमारात जहाजांचे प्रकार तरी किती होते? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : तिन्ही खरी आहेत. पण आधी एक सांगू द्या, कारण या जहाजाशी माझं जुनं नातं आहे.

मी नौदलात स्टोकर (बॉयलर पेटता ठेवणारा खलाशी) म्हणून लागलो आणि १९७५ साली माझी बदली ‘दिल्ली’वर झाली. आताची नव्हे, ती जुनी क्रूझर, म्हणजे बॅटलशिपहून लहान आणि हलकं लढाऊ जहाज. १९४८ मध्ये आपल्याकडे येण्याआधी तिचं नाव ‘अकिलीस’ होतं. १३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, प्लेट नदीच्या मुखापाशी, ‘ग्राफ श्पे’शी भिडलेल्या तीन जहाजांपैकी ती एक. त्या दिवशी तिच्यावरचे चार जण मारले गेले. मी तिच्या बॉयलर रूममध्ये वॉच करायचो तेव्हा हे मला कुणीतरी सांगितलं होतं, पण अठरा-एकोणीसच्या वयात त्याचं वजन कळत नाही. सहा बॉयलर, चार टर्बाइन, पाण्यात फिरणारे चार पंखे. जहाज थंड असेल तर वाफ धरायला तास न् तास लागायचे. लढाऊ जहाज म्हणजे वर दिसणाऱ्या तोफा नव्हेत, खाली जळणारं तेल आहे, हे मी तिथं शिकलो. म्हणून जहाजाचा प्रकार कुणी विचारला की तोफ किती इंची हे मी नंतर बघतो. आधी बघतो, एकदा टाक्या भरल्या की हे जाणार किती लांब.

‘ग्राफ श्पे’ या एका प्रश्नासाठीच बांधलेली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या बंद केल्या आणि जुन्या चिलखती जहाजांच्या जागी नवीन बांधायचं तर १०,००० टनांच्या आत, अशी अट घातली. जर्मन अभियंत्यांनी त्या वजनात (खरं तर ते वजन ओलांडूनच) २८ सेंटिमीटरच्या सहा तोफा बसवल्या. वजन वाचवण्यासाठी सांगाडा रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडला. आणि वाफेची टर्बाइन टाकून देऊन एमएएन कंपनीची आठ डिझेल इंजिनं बसवली. एवढ्या मोठ्या लढाऊ जहाजाला निव्वळ डिझेल, हे तेव्हा धाडसच होतं. डिझेल कमी पितं. या वर्गातली पहिली ‘डॉइचलांट’ २० नॉटच्या (ताशी २० सागरी मैल) चालीने १०,००० सागरी मैल जाऊ शकत होती. बॉयलर तापण्याची वाट बघायला नको, बंदर लागायला नको. समुद्राच्या मधोमध व्यापारी जहाजं गाठायची आणि दिसेनासं व्हायचं, यासाठीच ती केलेली. जे तिच्याहून बळकट ते तिच्याहून हळू, जे वेगवान ते तिच्याहून दुबळं. ब्रिटिशांकडे या हिशेबाबाहेरची मोठी जहाजं तीनच : हूड, रिपल्स, रिनाउन.

आता नावं. जर्मन कागदांवर ती ‘पान्झरशिफ’, म्हणजे चिलखती जहाज. तहात हाच शब्द होता, म्हणून तो चिकटला. एवढ्याशा अंगावर एवढ्या तोफा बघून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ‘पॉकेट बॅटलशिप’ म्हटलं. आणि १९४० मध्ये जर्मनांनीच या वर्गातल्या उरलेल्या दोघींची नोंद बदलून हेवी क्रूझर केली. ‘ग्राफ श्पे’ तोवर बुडालेली होती, म्हणजे तुमच्या पुस्तकातलं हेवी क्रूझर हे तिला मागाहून लावलेलं नाव. मला विचाराल तर लांब पल्ल्याची क्रूझर हेच तिचं खरं वर्णन.

त्या पहाटे तिचा कप्तान लांग्सडॉर्फ याने ब्रिटिश बाजूच्या तीन क्रूझरांशी झुंज घेतली. त्याआधी त्याने नऊ व्यापारी जहाजं बुडवली होती आणि त्या नऊंवरचा एकही माणूस मरू दिला नव्हता. हे शत्रूनेही मान्य केलं आहे, आणि या माणसाबद्दल मला आदर आहे. लढाईत त्या तिघींतली ‘एक्झिटर’ पार मोडली, पण ‘ग्राफ श्पे’चीही ३६ माणसं गेली, स्वयंपाकघर उडालं, आणि इंजिनांना जाणारं तेल साफ करण्यासाठी जी वाफ लागे तिची व्यवस्था निकामी झाली, असं या लढाईचे अभ्यासक लिहितात. टाकीतलं कच्चं तेल तसंच डिझेल इंजिनाला पाजता येत नाही, हे कुठलाही ट्रॉलरवाला सांगेल. ती माँटेव्हिडिओ बंदरात शिरली. उरुग्वे सरकारने ७२ तासांची मुदत दिली. १७ डिसेंबरला लांग्सडॉर्फने तिला बाहेर नेऊन स्वतःच सुरुंग लावून बुडवलं, आणि तीन दिवसांच्या आत ब्युनॉस आयर्समध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली.

बाकीची मोठी जहाजं आता लवकर सांगतो. ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ : नऊ-नऊ तोफा, पण त्याच २८ सेंटिमीटरच्या. जर्मन त्यांना बॅटलशिप (जड तोफा, जाड चिलखत) म्हणत, ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठं, वेगवान, पण बॅटलशिपहून दुबळं). वेग ३१ नॉट. ‘बिस्मार्क’ आणि ‘टिर्पिट्झ’ या खऱ्या अर्थाने बॅटलशिप, ३८ सेंटिमीटरच्या आठ तोफा, भरलेलं वजन ५०,००० टनांवर. बिस्मार्कने हूड बुडवली, १,४०० वर माणसांतले तीनच वाचले, हे सगळ्यांना माहीत असतं. माझं लक्ष मात्र वेगळ्या गोष्टीकडे जातं. निघतानाच तेल भरण्याचा नळ फुटून तिच्या टाक्या पूर्ण भरल्या नव्हत्या. मग नॉर्वेच्या खाडीत थांबली असताना सोबतच्या ‘प्रिन्झ ऑयगेन’ने तेल घेतलं, बिस्मार्कने घेतलं नाही. हूडच्या लढाईत पुढच्या बाजूला गोळा लागला आणि हजारेक टन तेल हाताशी असून वापरता येईना. फ्रान्स गाठायचा तर चाल कमी ठेवावी लागली. २६ मे १९४१ रोजी विमानातून आलेल्या टॉर्पेडोने सुकाणू अडकलं आणि दुसऱ्या सकाळी ती संपली.

हेवी क्रूझरांत ‘हिपर’, ‘ब्ल्यूखर’ आणि ही ‘प्रिन्झ ऑयगेन’ : २०.३ सेंटिमीटरच्या आठ तोफा, आणि उच्च दाबाची वाफ, जी त्यांच्या खालच्या माणसांना सतत छळत असे. ब्ल्यूखर ९ एप्रिल १९४० च्या पहाटे ऑस्लोच्या खाडीत शिरली तेव्हा ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यावरच्या जुन्यापान्या तोफांनी आणि किल्ल्यातूनच सोडलेल्या टॉर्पेडोंनी तिला बुडवलं. त्या तोफा जर्मनीतल्याच क्रुप कारखान्यात ओतलेल्या होत्या. लाइट क्रूझरांना शहरांची नावं : एम्डेन, क्योनिग्सबर्ग, कार्ल्सरुहे, क्योल्न, लाइपझिग, न्यूर्नबर्ग. (१९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणारी एम्डेन ती आधीची, ही त्याच नावाची पुढची.) त्यांतल्या दोन जर्मनीने नॉर्वेवर केलेल्या त्याच चढाईत दोन दिवसांत गेल्या.

विनाशिकांना (डिस्ट्रॉयर) नावापुढे ‘झेड’ आणि आकडा. पाच तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या, वेग ३६ नॉटच्या पुढे. पण तेल पुरत नसे. एप्रिल १९४० मध्ये अशा दहा विनाशिका सैनिक घेऊन नॉर्वेच्या पार उत्तरेला नार्विकला गेल्या. पोहोचेपर्यंत टाक्या रिकाम्या. तेल द्यायला एकच जहाज वेळेवर पोहोचलं, ‘यान वेलेम’, मुळात देवमाशांच्या शिकारीवरचं. दोन-दोन करून विनाशिका तेल भरत उभ्या राहिल्या आणि १० व १३ एप्रिलला ब्रिटिशांनी त्यांना खाडीतच गाठलं. दहाच्या दहा गेल्या. तेव्हाच्या जर्मन विनाशिकांपैकी निम्म्या.

विमानवाहू म्हणाल तर ‘ग्राफ झेपेलिन’ १९३८ मध्ये पाण्यात उतरली, पण कधी पूर्ण झाली नाही.

जाता जाता : जुनी ‘दिल्ली’ १९७८ मध्ये निवृत्त होऊन भंगारात गेली. तिचा एक तोफांचा बुरूज मात्र न्यूझीलंडला भेट दिला, कारण प्लेट नदीवर लढलेली तिची बरीचशी माणसं तिथली. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट तळावर तो आजही उभा आहे. आपल्यापैकी कुणी तिकडे गेलं तर जरूर बघा.

प्रश्न : ‘ई-बोट’ आणि ‘एस-बोट’ या वेगळ्या की एकच? छोट्या जर्मन बोटींबद्दल कुणी काही लिहीत नाही. – एक वाचक, देवगड

उत्तर : एकच. जर्मन नाव ‘श्नेलबोट’, म्हणजे वेगवान बोट, म्हणून एस. ‘ई’ हे अक्षर ब्रिटिशांचं, शत्रूची बोट अशा अर्थाने.

तुम्ही देवगडचे, तेव्हा तुम्हाला हे आवडेल : या बोटींची कातडी लाकडाची होती. हलक्या धातूच्या फासळ्या आणि वर लाकडी फळ्या, लांबी सुमारे ३५ मीटर. ब्रिटिशांच्या टॉर्पेडो बोटी पाण्यावर उडायच्या, त्यांचा तळ धारेदार कोपऱ्याचा. जर्मनांनी तळ गोल ठेवला. सपाट पाण्यात उडणारी बोट पुढे जाईल, पण लाटा उठल्या की गोल तळाची बोट चाल टिकवते. आपले जुने सुतार हेच सांगतात. डाइमलर-बेंझची तीन डिझेल इंजिनं आणि जवळजवळ ४० नॉट. ब्रिटिश बोटी पेट्रोलवर चालत, गोळी लागली की भडका. डिझेल तसं पेट घेत नाही. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नॉर्मंडीवर सैन्य उतरवण्याची रंगीत तालीम चालू असताना अशा नऊ बोटी रात्री आत शिरल्या आणि सैनिक वाहणारी दोन मोठी अमेरिकन जहाजं बुडवून गेल्या. सातशेवर माणसं मेली.

‘आर’ आणि ‘एम’ या सुरुंग काढणाऱ्या बोटी, आर लहान, एम मोठी. युद्ध लांबलं, तेल आटलं, तेव्हा एम-बोटींचा नवा वर्ग जर्मनांना पुन्हा कोळशावर चालवावा लागला. १९४० नंतर बांधलेल्या लढाऊ जहाजात फावड्याने कोळसा! तिथल्या स्टोकरांच्या पाठीचा विचार माझ्या मनातून जात नाही.

‘व्ही’ म्हणजे फोरपोस्टनबोट : मासेमारीचे ट्रॉलर धरून त्यावर तोफ बसवलेली आणि किनाऱ्यावर पहाऱ्याला लावलेली. आणि ‘श्पेरब्रेखर’ तर ऐकूनच अंगावर काटा येतो. व्यापारी जहाज घ्यायचं, त्याच्या पोटात तरंगणारा माल ठासून भरायचा, आणि बाकीच्यांच्या पुढे सुरुंगांवरून चालवायचं. पुढेपुढे त्यांवर मोठं चुंबकी क्षेत्र तयार करणारी वेटोळी बसवली, म्हणजे चुंबकी सुरुंग लांबच फुटावा. या माणसांची नावं कुठल्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत नाहीत, आणि ती असायला हवी होती.

व्यापारी जहाजांचं दुसरंही रूप होतं : खोट्या भिंतींमागे तोफा लपवून, दुसऱ्या देशाचा झेंडा लावून फिरणारी ‘हिल्फ्सक्रॉयझर’. त्यांतली ‘अटलांटिस’ हिंदी महासागरात शिकार करायची. ती मुळात ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची ‘गोल्डनफेल्स’. शेवटी ‘फेल्स’ असलेली नावं याच कंपनीची. मुरगावच्या बंदरात अडकून पडलेल्या आणि मार्च १९४३ च्या ब्रिटिश छाप्यात त्यांच्याच जर्मन खलाशांनी बुडवलेल्या एरनफेल्स, ड्राखनफेल्स, ब्राउनफेल्स याही त्यांच्याच.

प्रश्न : नेताजी ज्या पाणबुडीतून गेले ती कुठल्या प्रकारची होती? – नववीतली विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बाळा, फार चांगला प्रश्न विचारलास. जर्मन पाणबुड्यांना ‘यू-बोट’ म्हणतात आणि त्यांचे प्रकार रोमन आकड्यांनी ओळखतात. दुसरा प्रकार छोटा, किनाऱ्याजवळचा. सातवा सगळ्यांत जास्त बांधलेला, ६७ मीटर लांब, चौदा टॉर्पेडो नेणारा. अटलांटिकमधली बहुतेक लढाई यांनीच केली. नववा त्याहून मोठा आणि लांब जाणारा. चौदाव्याला ‘दुभती गाय’ म्हणत, कारण तिच्याकडे टॉर्पेडोच्या नळ्याच नव्हत्या, ती भर समुद्रात बाकीच्यांना तेल पाजायची. अशा दहा होत्या, दहाही बुडाल्या. शेवटी आला एकविसावा, मोठ्या बॅटऱ्यांचा, पाण्याखाली १७ नॉट पळणारा, पण तोवर युद्ध हातचं गेलं होतं. पाणबुड्यांवर गेलेल्या साधारण चाळीस हजार जर्मन तरुणांपैकी पाऊण परत आले नाहीत.

नेताजींची यू-१८० ही नवव्या प्रकारातली, पण ‘डी-१’ या उपप्रकाराची. अशा दोनच झाल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मनीतल्या कीलहून तिच्यात बसले. वाटेत, १८ एप्रिलला, तिने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं, तेव्हा दोघंही आतच होते. एप्रिलअखेर मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून दोघं जपानी पाणबुडी आय-२९ वर गेले.

वेग मिळावा म्हणून या यू-१८० मध्ये साध्या इंजिनांऐवजी सहा वेगवान डिझेल बसवलेली होती, वरच्या उत्तरात देवगडच्या काकांना सांगितली तीच, श्नेलबोटीतली. ती इंजिनं थोडा वेळ जोरात धावण्यासाठी होती, महिनोन् महिने चालण्यासाठी नव्हती. ती तापायची आणि दाट धूर सोडायची, आणि पाणबुडीचा धूर दिसणं म्हणजे विमानांना पत्ता देणं. तरीही तिच्या इंजिन रूममधल्या माणसांनी ती आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि जुलैत फ्रान्सला परत आणली. तिथं ती सहाही काढून साधी इंजिनं बसवली, टॉर्पेडोच्या नळ्या काढून तिला मालवाहू केलं. ऑगस्ट १९४४ मध्ये ती बोर्दोहून जपानच्या वाटेला लागली आणि बिस्केच्या उपसागरात सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली.