कंपनीच्या इंट्रानेटचं होमपेज बदलायचंय आणि जुना मजकूर नव्या साइटवर न्यायचाय. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की जुनं इंट्रानेट तुमच्याच सर्व्हरवर आहे, नवं शेअरपॉइंट ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या साइट-सेवेवर) करायचंय, हातात चार महिने आहेत आणि वरिष्ठांना सगळ्यात आधी नव्या होमपेजचं डिझाइन बघायचंय. अशी तीन स्थलांतरं मी केली आहेत. तुमच्या जागी मी असतो, तर डिझाइन बाजूला ठेवून आधी जुन्या पानांची यादी काढली असती.

होमपेजवर कुणी रमायला येत नाही. रजेचा अर्ज, पगाराची स्लिप, एखाद्याचा एक्स्टेन्शन नंबर, प्रवासखर्चाचा फॉर्म, अशा दहा-पंधरा कामांसाठी लोक येतात आणि दोन क्लिकमध्ये पुढे जातात. ही कामं कोणती, हे बैठकीत बसून कळत नाही. जुन्या सर्व्हरचे लॉग (कोणतं पान कधी उघडलं गेलं याच्या नोंदी) बघा आणि शोधखिडकीत लोक काय टाइप करतात ते बघा. ज्या शब्दांना एकही निकाल मिळालेला नाही ते तर आवर्जून बघा, कारण लोक एखाद्या गोष्टीला काय म्हणतात आणि आपण तिला काय नाव दिलंय, यातला फरक तिथे उघडा पडतो.

लॉग मात्र पूर्ण बारा महिन्यांचे घ्या. पहिल्या वेळी आम्ही तीनच महिन्यांचे घेतले. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म त्या काळात कुणी उघडलाच नव्हता, म्हणून तो गाळला गेला. मूल्यमापन सुरू झालं त्या दिवशी मनुष्यबळ विभागाचे फोन थांबेनात. ती चूक सर्वस्वी आमची होती.

यादी साध्या एक्सेलमध्ये करा: पत्ता, शेवटचा बदल, वर्षातल्या भेटी, मालक, निर्णय, नवा पत्ता. यातला ‘मालक’ हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे विभागाचं नाव चालणार नाही, माणसाचं नाव हवं. विभागप्रमुखांना ‘काय ठेवायचं?’ असं विचारलंत, तर ‘सगळंच असू दे, कधीतरी लागेल’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी ‘जे पान ठेवायचंय त्यासमोर ते सांभाळणाऱ्याचं नाव लिहा’ असं सांगा. यादी आपोआप आटते. नाव नसलेलं पान नव्या साइटवर न्यायचं नाही, अभिलेखात ठेवायचं. यावर वाद होईल, तरी ठाम राहा. रजेच्या धोरणाच्या चार प्रती नेल्यात, तर नवा सर्च चारही प्रती दाखवेल आणि एखादा बिचारा जुन्या नियमावर विसंबून रजा टाकेल.

आता तांत्रिक बाजू. मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट मायग्रेशन टूल फुकट आहे आणि फाइली नेण्याचं काम ते चांगलं करतं. पण शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये फाइलच्या नावासकट पूर्ण मार्ग 400 अक्षरांच्या आत लागतो. फोल्डरात फोल्डर करत गेलेली जुनी रचना इथे अडकते, म्हणून आधीच स्कॅन करून घ्या. एका व्ह्यूमध्ये, म्हणजे यादीच्या एका मांडणीत, 5000 नोंदींची मर्यादाही आहे, तेव्हा मोठ्या लायब्ररींच्या (फाइलसंग्रहांच्या) कॉलमना इंडेक्स, म्हणजे पटकन शोधण्यासाठीची सूची, लावा. तुमचं जुनं इंट्रानेट शेअरपॉइंटच असेल, तर त्याच्या पानांत घातलेल्या स्क्रिप्ट शेअरपॉइंटच्या नव्या पद्धतीच्या ‘मॉडर्न’ पानांत चालत नाहीत. ती पानं हातानंच पुन्हा बांधावी लागतात आणि वेळ खरा तिथे जातो.

परवानग्यांकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या साइटवर चुकून सर्वांना उघडी राहिलेली फाइल कोपऱ्यात पडून असते, कुणाला सापडत नाही. नव्या साइटचा सर्च तीच फाइल पहिल्या पानावर आणून ठेवतो. तपासणी ॲडमिनच्या खात्यानं न करता साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यानं करा आणि ‘पगार’, ‘गोपनीय’ असे शब्द शोधून बघा.

जुने पत्ते ईमेलमध्ये, पीडीएफमध्ये, लोकांच्या बुकमार्कमध्ये पसरलेले असतात. ते नव्या पानांकडे वळवा. सुरुवातीचे काही आठवडे 302 रीडायरेक्ट (तात्पुरतं वळवणं) वापरा आणि सगळं बरोबर आहे याची खात्री पटली की 301 (कायमचं वळवणं) करा. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीच्या जागी वळवलेला पत्ता सर्व्हरवर सुधारला तरी लोक काही काळ चुकीच्याच पानावर जात राहतात.

नवं होमपेज कंपनीच्या शेअरपॉइंटच्या मूळ पत्त्यावर आणायचं असेल, तर ॲडमिन सेंटरमधून रूट साइट (त्या मूळ पत्त्यावरची साइट) ‘रिप्लेस’ करा. रूट साइट डिलीट कधीही करू नका. ती परत येईपर्यंत कंपनीच्या एकाही शेअरपॉइंट साइटवर कुणाला जाता येत नाही. बदलानंतर सर्चचा इंडेक्स ताजा व्हायला वेळ लागतो, हे लोकांना आधीच कळवा. पगाराच्या आठवड्यात हा बदल करू नका.

त्यानंतर जुनी साइट लगेच बंद न करता वर्षभर फक्त वाचण्यापुरती चालू ठेवा आणि पहिला महिनाभर रोज सकाळी 404 च्या, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ या त्रुटीच्या, नोंदी बघा. जो पत्ता पुन्हापुन्हा येतो, तो त्याच दिवशी वळवून टाका. तुमच्याकडे लॉग किती मागचे आहेत ते कळवलंत, तर यादी कशी गाळायची ते अधिक नेमकं सांगता येईल.