रॅट थिजतो, मग ठोके का वाढत नाहीत?

प्रश्न : आम्ही रॅटना २० सेकंदांचा आवाज ऐकवून शेवटी पायांना सौम्य विजेचा झटका देतो. दुसऱ्या दिवशी नुसता आवाज वाजवला की प्राणी जागीच थिजतो. हृदयाचे ठोके मात्र कधी वाढतात, कधी तसेच राहतात, एकदा तर उतरले. चुकतंय कुठे?

उत्तर : बहुधा आवाज वाजण्याआधीच. निवांत रॅटचे ठोके मिनिटाला साधारण ३०० ते ३५० असतात. पिंजऱ्यातून उचलून प्रयोगाच्या पेटीत ठेवलं की तेच ४५० च्या पुढे जातात आणि खाली यायला तासभरही लागू शकतो. आधीच एवढे चढलेले ठोके आवाजाने आणखी किती चढणार? त्यात झटका याच पेटीत बसलेला, म्हणजे पेटीचीही भीती आहेच. म्हणून चाचणी राहत्या पिंजऱ्यात घ्या. स्पीकर आदल्या दिवशीच लावून ठेवा, खोलीत माणूस नको, आणि ठोके स्थिरावल्याशिवाय आवाज वाजवू नका.

ठोके उतरले ही चूक समजू नका. भीतीत सिम्पथेटिक आणि व्हेगस अशा दोन्ही नसा एकाच वेळी हृदयावर काम करतात. एक पळवते, दुसरी आवरते, आणि आपल्याला दिसते ती फक्त वजाबाकी. सशात तर अशा शिकवणीनंतर ठोके सहसा उतरतातच. २० सेकंदांची सरासरी काढली तर आधीची घट आणि नंतरची वाढ एकमेकींत विरून जातात, तेव्हा आलेख सेकंदागणिक काढा. दोन्ही नसांचा वाटा वेगळा करायचा तर एका दिवशी अटेनोलॉल (हृदयावरचा सिम्पथेटिकचा परिणाम रोखणारं औषध), दुसऱ्या दिवशी मिथाइल अ‍ॅट्रोपीन (व्हेगसचा परिणाम रोखणारं) द्या. साधं अ‍ॅट्रोपीन मेंदूत शिरतं आणि स्मृतीतच ढवळाढवळ करतं. सुई टोचण्याचाही ताण असतो, म्हणून तुलनेसाठी नुसतं सलाइन टोचलेला गट हवाच.

थिजण्यावरून हृदयाचा अंदाज बांधू नका. १९८८ साली मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू आणि सहकाऱ्यांनी रॅटमध्ये दाखवलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या (पार्श्व) भागाला इजा केली तर रक्तदाबाची वाढ थांबते पण थिजणं राहतं, आणि मध्यमेंदूतल्या सेंट्रल ग्रे या भागाला इजा केली तर नेमकं उलट होतं.

प्रश्न : शेपटीच्या पट्ट्याने रक्तदाब मोजला तर चालेल का?

उत्तर : या कामाला नाही. प्राण्याला नळीत अडकवून शेपूट गरम करावी लागते, हाच मोठा ताण. शिवाय पट्टा फुगून उतरेपर्यंत आवाज संपलेला असतो. पोटातल्या महाधमनीत नळीचं टोक बसवून टेलिमेट्रीचा, म्हणजे बिनतारी नोंदी पाठवणारा, ट्रान्समीटर लावा. शस्त्रक्रियेनंतर ७ ते १० दिवस थांबा. अंधारात ठोके आणि दाब वाढतात, उजेडात उतरतात. ही लय नीट परतली नसेल तर प्राणी अजून सावरलेला नाही, शिकवणी सुरू करू नका.