वाचकांचे प्रश्न : मेनफ्रेमवरील भार कसा वाटावा?

प्रश्न : परदेशातील एका बँकेच्या मेनफ्रेमची (प्रचंड व्यवहार हाताळणाऱ्या मोठ्या संगणकांची) देखभाल करणाऱ्या गटात मी काम करतो. सिसप्लेक्समध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रणांच्या समूहात, दोन स्वतंत्र यंत्रांवर एकेक झेड-ओएस (आयबीएमची मेनफ्रेम कार्यप्रणाली) यंत्रणा आहे. त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. गेले काही आठवडे सोमवारी सकाळी 'ब'चा सीपीयू ९५ टक्के, तर 'अ'चा ६० टक्के वापरात असतो. दोन्ही आकडे सारखे व्हावेत म्हणून काही बॅच जॉब (वापरकर्त्याविना गठ्ठ्याने चालणारी कामे) 'अ'वर हलवावेत, असे वरिष्ठ म्हणतात. हे योग्य होईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जॉब हलवण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मेनफ्रेम ९५ टक्क्यांवर तासन्‌तास चालू शकतो आणि तो तसा चालावा म्हणूनच त्यावर एवढा खर्च केलेला असतो. त्यामुळे वापराचा आकडा मोठा आहे एवढ्यावरून कोणाचे काम अडले आहे, हे कळत नाही. आयबीएमने १९९४ मध्ये एमव्हीएसमध्ये (झेड-ओएसच्या पूर्वज प्रणालीत) वर्कलोड मॅनेजर आणला, तो नेमका यासाठी, की प्रत्येक सर्व्हिस क्लासचे (कामाच्या गटाचे) उद्दिष्ट आणि १ ते ५ मधील महत्त्व (१ सर्वांत जास्त) आपण सांगावे आणि प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा हे यंत्रणेने ठरवावे.

म्हणून आरएमएफच्या (झेड-ओएसची कामगिरी मोजणाऱ्या साधनाच्या) वर्कलोड अहवालातील सकाळचे १५-१५ मिनिटांचे टप्पे काढून प्रत्येक सर्व्हिस क्लासचा परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजे उद्दिष्टाच्या तुलनेतील कामगिरी, पाहा. ऑनलाइन व्यवहारांचे सरासरी उद्दिष्ट ०.५ सेकंद असेल आणि प्रत्यक्षात ०.४ सेकंद लागत असतील, तर इंडेक्स ०.८ येतो, १ पेक्षा कमी म्हणजे उद्दिष्ट साधले. बॅचचे उद्दिष्ट बहुधा व्हेलॉसिटीत, म्हणजे वाट न पाहता काम चालण्याच्या टक्केवारीत, दिलेले असते. पाहणीच्या ८०० नमुन्यांपैकी २०० वेळा जॉब प्रोसेसर वापरताना आणि ६०० वेळा त्याची वाट पाहताना आढळला, तर व्हेलॉसिटी २५ होते आणि उद्दिष्ट ४० असल्यास इंडेक्स १.६ येतो. 'ब'वर ऑनलाइनचा इंडेक्स ०.८ असेल आणि वाट पाहणारी बॅच महत्त्व ५ ची, सकाळी उशिरा संपली तरी चालणारी असेल, तर 'ब'मध्ये दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही. महत्त्व १ किंवा २ च्या कामाचा इंडेक्स १ च्या वर गेला असेल, तर मात्र तुमच्या वरिष्ठांची काळजी रास्त आहे.

'अ'चे ६० टक्केही पारखून घ्या. आरएमएफच्या सीपीयू अहवालात एलपार बिझी (एलपारला, म्हणजे यंत्राच्या तार्किक विभागाला, प्रत्यक्ष मिळालेला प्रोसेसर) आणि एमव्हीएस बिझी (यंत्रणेच्या दृष्टीने प्रोसेसर किती व्यग्र) हे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. पहिल्यात ६० आणि दुसऱ्यात ९० दिसत असतील, तर 'अ'कडे काम तुंबलेले आहे, परंतु त्याच यंत्रावरील इतर एलपारांमुळे किंवा कॅपिंगमुळे (घातलेल्या मर्यादेमुळे) त्याला प्रोसेसर मिळत नाही. अशा यंत्रणेवर आणखी बॅच टाकणे म्हणजे रांग लांबवणे होय. तेथे प्रश्न एलपारच्या वेटचा (प्रोसेसरमधील ठरवून दिलेल्या वाट्याचा) असतो. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तरच 'अ'कडे खरोखर जागा आहे असे समजावे.

हे सोमवारीच का घडते, याचे कारण मला बॅचपेक्षा जोडण्यांमध्ये दिसते. रविवारी रात्री देखभालीसाठी 'अ'चे आयपीएल (यंत्रणा नव्याने सुरू करणे) होत असेल, तर त्या वेळी ॲप्लिकेशन सर्व्हरांच्या सगळ्या जोडण्या 'ब'कडे जातात. सिसप्लेक्स डिस्ट्रिब्युटर (जोडण्या यंत्रणांमध्ये वाटणारा भाग) वर्कलोड मॅनेजरचा सल्ला घेतो खरा, पण तो नवी जोडणी होताना. एकदा झालेली जोडणी 'अ' परत आला तरी जागची हलत नाही आणि कनेक्शन पूलमधील (पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या) जोडण्या कित्येक दिवस तशाच राहू शकतात. आयपीएलनंतर पूल टप्प्याटप्प्याने नव्याने जोडून घ्यावेत किंवा डीबी२ (आयबीएमचा डेटाबेस) च्या क्लायंटमधील सिसप्लेक्स वर्कलोड बॅलन्सिंग सुरू करावे. त्यामुळे व्यवहारागणिक यंत्रणा निवडता येते.

एवढे करूनही बॅच हलवावीच लागली, तर जॉब निवडून हलवा. 'ब'वरील ऑनलाइन व्यवहार ज्या टेबलांवर चालतात तीच टेबले अद्ययावत करणारा जॉब 'अ'वर नेला, की लॉक आणि डेटाबेसची पाने कपलिंग फॅसिलिटीतून (यंत्रणांच्या सामायिक स्मृतीतून) ये-जा करू लागतात आणि दोन्हीकडे प्रत्येक व्यवहाराला लागणारा सीपीयू वाढतो. केवळ वाचणारे किंवा स्वतःच्याच फाइलींवर चालणारे जॉब आधी घ्यावेत.

प्रश्न : आमच्या दोन्ही यंत्रांचा दिवसाचा सरासरी वापर ४५ टक्के आहे. तरीही आमचा कपॅसिटीचा गट वाढीव क्षमता का मागतो? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सरासरीत रात्रीचे रिकामे तासही मोजले जातात, क्षमता मात्र सर्वाधिक गर्दीच्या १५ मिनिटांसाठी ठेवावी लागते. त्या वेळी सारख्या क्षमतेची दोन्ही यंत्रे ६० टक्क्यांवर असतील आणि त्यांतील एक बंद पडले, तर उरलेल्यावर १२० टक्के काम येईल. त्या १२० पैकी किमान २० इतके काम महत्त्व ५ चे किंवा डिस्क्रिशनरी (उद्दिष्ट न दिलेले) असेल, तर ते मागे पडेल आणि बँक चालू राहील. नसेल, तर ग्राहकांना थांबावे लागेल. आपल्या गटाकडे त्या १५ मिनिटांतील सीपीयूची महत्त्वानुसार विभागणी मागा. एसएमएफच्या (झेड-ओएसच्या नोंदवहीच्या) ७२ क्रमांकाच्या नोंदींमधून ती काढता येते आणि मागणी खरी आहे की नाही, ते त्या एका तक्त्यावरून तुम्हाला स्वतःलाच तपासता येईल.