शेवट आधी कळला तर?

प्रश्न : ताई, ‘सीक्रेट वॉर्स’ या कॉमिकचे अंक आता सलग वाचतोय. शेवट आधीच कळला आहे. मजा गेली का? – एक वाचक, सांगली

उत्तर : थोडी गेली, पण त्यात तुमचा दोष नाही. २०१५ साली तो शेवट खुद्द प्रकाशक मार्व्हलनेच फोडला होता. लेखक जोनाथन हिकमनची ही कथा आधी आठ अंकांची होती, मग नऊ झाले. एसाद रिबिचची चित्रं घाईने उरकणारी नव्हती, अंक रखडत गेले. नववा आला जानेवारी २०१६मध्ये. आणि कथेच्या शेवटानंतर आठ महिन्यांनी घडणाऱ्या नव्या मालिका त्याआधीच्या ऑक्टोबरातच सुरू झाल्या होत्या! कथेतलं जग तगतं की नाही, ही धाकधूक तिथेच संपली.

मला लागलं ते वेगळंच. नवव्या अंकात शेवटी खलनायक डूम मुखवटा काढतो, जन्मभर लपवलेला विद्रूप चेहरा चाचपतो, तो बरा झालेला असतो. हे पान माझ्या फार जवळचं आहे. पण त्या नव्या मालिकांपैकी ‘इन्व्हिन्सिबल आयर्न मॅन’च्या पहिल्या अंकात तो देखणा डूम मी आधीच पाहिला होता. धक्का बसायचा तिथे नुसती ओळख पटली.

तरी चित्रकार बदलून वेळ गाठली असती, तर ते पान असं उतरलंच नसतं. उशीर मला मान्य आहे; पुढच्या मालिका थांबवायला हव्या होत्या. तुम्ही नववा अंक सावकाश वाचा. नायक रीड आणि डूमची झटापट चालू असते, तेव्हा डूम काय कबूल करतो ते नीट ऐका.