सहा महिन्यांच्या कामाचा रेट्रोस्पेक्टिव्ह (झालेल्या कामाकडे टीमने मागे वळून बघण्याची बैठक) कसा घ्यावा?

थेट ‘काय चांगलं झालं, काय बिघडलं’ असं विचारून सुरुवात करू नका. सहा महिने मोठा काळ असतो, लोकांना शेवटचे दोन-तीन आठवडेच आठवतात आणि चर्चा तिथेच अडकते.

आधी टाइमलाइन मांडा. कॅलेंडर, जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधली तिकिटं, रिलीजच्या तारखा, जुने चॅट चाळून ठळक घटना बोर्डावर महिन्यांनुसार लावा: कोण टीममध्ये आलं, कोण गेलं, कुठली डेडलाइन पुढे ढकलली, प्रॉडक्शन (लोक प्रत्यक्ष वापरतात ती सिस्टीम) कधी कोसळलं. मग प्रत्येकाला दहा मिनिटं गप्प बसून स्वतःच्या चिठ्ठ्या लिहू द्या. हे गप्प बसणं टाळू नका. नाहीतर जो पहिला बोलतो त्याच्याच मागे सगळे जातात.

चिठ्ठ्यांचे गट करा, मतदान घ्या आणि फक्त वरचे दोन-तीन विषय खोलात चर्चेला घ्या. ‘कोणामुळे झालं’ऐवजी ‘त्या वेळी आपल्याला काय माहीत होतं’ असं विचारलं की माणसं मोकळी होतात. मॅनेजरने शक्यतो स्वतः सूत्रसंचालन करू नये. साहेबांच्या हातात मार्कर असला की खरं कोण बोलणार?

वेळ: स्क्रम या टीमने काम करण्याच्या पद्धतीच्या पुस्तिकेत, म्हणजे स्क्रम गाइडमध्ये, एक महिन्याच्या स्प्रिंटच्या (कामाच्या ठरावीक टप्प्याच्या) रेट्रोसाठी जास्तीत जास्त 3 तास दिलेत. सहा महिन्यांसाठीही मी त्यापुढे जाणार नाही, फक्त मध्ये ब्रेक ठेवेन.

शेवटी दोनच कृती ठरवा, प्रत्येकीला एक नाव आणि तारीख जोडा, आणि पुढच्या रेट्रोची सुरुवात त्यांच्या हिशेबानेच करा.